बिनमाफीची मिठाई

मियाकोशि योशिहारू यांचा कणा दोन जागी वाकतो. एक कमरेत, जिथे सगळ्यांचाच वाकतो, आणि दुसरा मानेच्या जरा खाली, जिथे फक्त त्यांचाच. एकतीस वर्षं तक्रार विभागात काढली की असं होत असावं. त्यांची कंपनी अंघोळीच्या टबाचं पाणी तापवणारे बॉयलर बनवते. हे बॉयलर जिथे जिथे गळतात, शिट्ट्या मारतात किंवा ऐन बर्फात संपावर जातात, तिथे तिथे मियाकोशिसान हजर होतात. अंगात करडा सूट, हातात मिठाईचा खोका आणि चेहऱ्यावर असा भाव, की बॉयलर आपोआप बिघडलाच नव्हता, यांनीच घरात शिरून त्याला लाथ मारली होती.

कानाझावा शाखेतली तरुण मंडळी जेवणाच्या सुट्टीत त्यांची नक्कल करतात. ती जमत नाही, कारण पोरांना वाटतं माफी एकच असते. मियाकोशिसानांकडे तीन आहेत. पाणी कोमट येतंय एवढीच तक्रार असेल तर पहिली : “माफ करा”, सरळ, एका श्वासात, मान छत्रीच्या दांड्याइतकी वाकडी. टबाखालची फळी कुजली असेल तर दुसरी : आधी दातांतून ‘स्सस्’ करत हवा आत ओढायची, जणू चटका त्यांनाच बसलाय, आणि मग “फाऽऽरच माफ करा”. त्यातला ‘फा’ बेंबीपासून निघतो. आणि पाणी खालच्या मजल्यावरच्या शेजाऱ्याच्या डोक्यावर ठिबकलं असेल तर तिसरी. तिच्यात शब्द नाहीत. वाकायचं आणि वाकलेलंच राहायचं. गिऱ्हाईक आधी ओरडतं, मग थांबतं, मग घड्याळ बघतं आणि शेवटी घाबरून विचारतं, “अहो, तुम्हाला बरं वाटतंय ना?” तिथे तक्रार मिटते.

खोका मात्र तिन्ही माफ्यांना एकाच दुकानातला. आसानो नदीच्या मागच्या गल्लीत मात्सुगाएया नावाचं मिठाईचं दुकान आहे, अडीचशे वर्षांचं. दारावरचा निळा पडदा इतका विटलाय, की त्यावरची पाइनची फांदी आता कोबीसारखी दिसते. माफी मागायला जायचं तर मिठाई जुन्या दुकानाची हवी आणि ती जड हवी, हे शाळेत कुणी शिकवत नाही, पण सगळ्यांना ठाऊक असतं. हलकी मिठाई नेली की समोरच्याला वाटतं, यांनी प्रकरणही हलक्यात घेतलंय. म्हणून योकान. अझुकी नावाच्या लाल कडधान्याचा गोड लगदा आटवून आटवून थापलेली काळीभोर वीट. हातात घेतली की मनगटाला कळतं, इथे काहीतरी गंभीर घडलंय.

काउंटरमागे हात्सुएसान असतात. वय सदुसष्ट, चष्मा नाकाच्या शेंड्यावर. मियाकोशिसानांना त्या काय हवं ते विचारत नाहीत. पडद्याखालून त्यांचे खांदे आत आले, की त्या खांद्यांवरून अंदाज घेतात आणि आवाज दुखवट्याच्या घरात बोलावं तसा खाली आणतात.

“या. फार झालं का?”

“दुसरा मजला.”

“अगंबाई. खाली कोण राहतं?”

“निवृत्त न्यायाधीश.”

“मग तीन विटा.”

साधा पांढरा कागद, ना लाल दोरी ना सोनेरी, आणि निघताना हात्सुएसानांचं ठरलेलं वाक्य, “सांभाळून जा.” एकतीस वर्षांत त्या दोघांमध्ये याहून जास्त बोलणं कधी झालं नव्हतं.

गोष्ट घडली ती फेब्रुवारीत. गुरुवारी जेवताना त्यांच्या एकुलत्या एक मुलीने, चिसातोने, जेवायच्या काड्या खाली ठेवल्या आणि घसा साफ केला. चिसातो दातांच्या दवाखान्यात काम करते. दिवसभर लोकांना “आ करा” म्हणत असल्यामुळे तिचं म्हणणं कुणी मध्ये तोडत नाही.

“बाबा, रविवारी एक गोष्ट करायची नाही.”

रविवारी तिघांना नागानोला जायचं होतं. चिसातोने तिथला शुहेइ नावाचा मुलगा पसंत केला होता, आणि दोन्ही घरची माणसं पहिल्यांदाच एकमेकांसमोर बसणार होती. मोमोसे त्यांचं आडनाव. वडिलांचा सुतारकामाचा कारखाना.

“माफी मागायची नाही,” चिसातो म्हणाली. “एकदाही नाही.”

“बरं.”

“बरं नाही, नीट ऐका. ‘जरा सरकता का’ म्हणताना ‘माफ करा’ नाही. चहा दिला तर ‘माफ करा, उगाच त्रास’ नाही. ‘आभारी आहे’ म्हणायचं आणि गप्प बसायचं.”

“अगं, पण लोक म्हणतातच ना तेवढं.”

“लोक म्हणतात तेव्हा ते तोंडदेखलं वाटतं. तुम्ही म्हणता तेव्हा खरंच काहीतरी फुटलंय असं वाटतं.” तिने आईकडे पाहिलं. “तिसरीत असताना पालकसभा होती, आठवतं? बाईंनी तोंड उघडायच्या आत बाबांनी माफी मागितली. त्यानंतर वर्षभर बाई माझी वही दोनदा तपासायच्या. मी काहीच केलं नव्हतं.”

“मुलं म्हटल्यावर काहीतरी केलेलं असतंच,” मियाकोशिसान पुटपुटले.

“रविवारी तुम्ही खोका पुढे करून वाकलात ना बाबा, तर असं दिसेल की मी एक गळका बॉयलर आहे आणि वॉरंटी संपायच्या आत तुम्ही मला त्यांच्या गळ्यात मारताय.” हे म्हणताना ती हसत होती, पण मग हसायची थांबली. “मला त्या घरात जन्म काढायचाय. पहिल्याच दिवशी आपण खाली आणि ते वर, असं नको. एवढंच.”

मियाकोशिसानांच्या बायकोने, सुमिएने, वाडग्यावरून विचारलं, “अहो, जमेल का तुम्हाला?”

“न जमायला काय झालं,” ते म्हणाले, आणि मुलीचा चेहरा बघून घाईने पुढे जोडलं, “माफ कर.”

“बघा,” चिसातो म्हणाली.

शुक्रवारी दुपारी छत्रीवरचं बर्फ झटकून मियाकोशिसान मात्सुगाएयात शिरले. आत एक गिऱ्हाईक आधीच होतं. ओसाकाहून आलेली कुवाता नावाची बाई, अंगात बिबट्याच्या ठिपक्यांचा कोट, आणि आवाज असा, की मांडणीवरचे साचे थरथरावेत. ऑफिसात वाटायला गावची आठवण म्हणून मिठाई नेणं चाललं होतं.

“सतरा मानसं हायेत हो आमच्या हापिसात. आन् एक पोरगी सोमवारपासून नवीन लागतीया, म्हंजे अठरा. तिला नाय दिलं तर ती म्हनंल, बघा, मला धरत न्हाईत. आन् साहेबाला मोठं द्यायचं का सगळ्यांसारखंच?”

“सगळ्यांसारखंच बरं दिसतं,” हात्सुएसान म्हणाल्या, आणि तेवढ्यात त्यांची नजर पडद्याकडे गेली. मियाकोशिसानांचे खांदे आत आले होते. असे खांदे त्यांनी कधी पाहिले नव्हते. एक कानाशी चढलेला, दुसरा पार गळालेला. त्यांनी कुवाताबाईंचा गुलाबी कागद हळूच बाजूला सारला.

“या मियाकोशिसान. किती मजले?”

“मजले नाहीत. मुलगी आहे.”

हात्सुएसानांचा हात तोंडाकडे गेला. “टबात?”

“घरात. माझ्या. माझी मुलगी.”

“काय केलं तिने?”

“नागानोचा एक मुलगा…”

“नागानोच्या मुलाला काय केलं?” असं विचारेपर्यंत हात्सुएसानांनी काउंटरवर योकानच्या पाच विटा रचल्या होत्या आणि सहाव्यासाठी त्या टाचा उंचावत होत्या.

कुवाताबाईंनी पर्स खाली ठेवली. “काय झालं वो त्या पोराला? हाय का जित्ता?”

“लग्न,” मियाकोशिसान म्हणाले. “लग्न ठरतंय. रविवारी त्यांच्या घरी जायचंय.”

आतल्या खोलीत अझुकी गुड्गुड् उकळत होती. मग हात्सुएसानांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला आणि एकतीस वर्षांत पहिल्यांदा त्यांच्याशी नेहमीच्या आवाजात बोलल्या. तो आवाज चांगलाच खणखणीत निघाला.

“मग हे असं काय तोंड करून आलात? माझा जीव गेला असता.”

“माफ करा,” मियाकोशिसान म्हणाले, आणि लगेच खांदे आणखी पाडून त्यांनी सगळं सांगून टाकलं. रविवार, मोमोसे मंडळी, चिसातोची अट, गळका बॉयलर, सगळं.

“पोरगी हुशार हाय,” कुवाताबाई म्हणाल्या. त्यांची गाडी चारची होती, पण आता त्या कुठे जाणार नव्हत्या.

हात्सुएसान एकेक वीट परत मांडणीवर ठेवू लागल्या. शेवटच्या विटेवर मियाकोशिसानांनी हात ठेवला. “ही राहू द्या. मोठी आहे, वजनदार आहे. मला दुसरं काही समजतही नाही.”

“योकान कशाने कापतात?”

“सुरीने.”

“मग सोयरिकीच्या पहिल्याच दिवशी त्यांच्या घरात कापाकापी लावणार तुम्ही?”

मियाकोशिसानांनी विटेवरचा हात असा काढला, जसा ते तापलेल्या पाइपवरचा काढतात.

हात्सुएसान आत गेल्या आणि शिंपल्याच्या आकाराच्या मोनाका घेऊन आल्या. तांदळाच्या पिठाचे दोन खुसखुशीत पापुद्रे, आत अझुकीचा गोळा, पापुद्रे एकमेकांवर नेमके बसलेले. “शिंपल्याच्या एका भागावर दुसऱ्या कुठल्याही शिंपल्याचा भाग बसत नाही,” त्या म्हणाल्या. “सोयरिकीला हेच नेतात. पंधरा घ्या. सम आकडा नको, दोघांत सारखा वाटला जातो.”

मियाकोशिसानांनी खोका उचलून पाहिला. मग हलवून पाहिला. “रिकामा आहे का?”

“भरलेला आहे.”

“मग वजन कुठे गेलं?”

“आनंदाला कसलं वजन, मियाकोशिसान.” हात्सुएसानांनी बशीत एक मोनाका ठेवली आणि कपभर चहा ओतला. “आधी खा. स्वतः न चाखलेली वस्तू काय म्हणून देणार?”

तेव्हा निघालं, की त्यांनी मात्सुगाएयातलं कधी काहीच खाल्लं नव्हतं. माफीची मिठाई देणाऱ्याला कुणी खायला देत नाही. खोका आत जातो, दार लागतं. इतक्या वर्षांत शेकडो घरांत त्यांनी ती पोचवली होती आणि तिची चव कशी असते हे त्यांना फक्त लोकांच्या रागावरून ठाऊक होतं. त्यांनी मोनाका दाताखाली धरली. पापुद्रा कुर्रर्र वाजला.

“आवडली?”

“असलं खाऊनही लोक माझ्यावर ओरडायचे?” मियाकोशिसान म्हणाले.

“ते वरडून झाल्यावं खात असतील,” कुवाताबाईंनी समजूत घातली.

मग गाठीची पाळी आली. खोक्यावरच्या कागदाला लाल-पांढरी दोरी बांधायची, पण कुठली गाठ? मियाकोशिसानांना कधी गाठच लागली नव्हती, त्यामुळे त्यांनी सगळ्यात सुंदर दिसणाऱ्या, फुलपाखरासारख्या गाठीकडे बोट दाखवलं.

“ही ओढली की सुटते,” हात्सुएसान म्हणाल्या. “बाळ झालं, परीक्षा पास झाली, पुन्हा पुन्हा होऊ दे अशा गोष्टींना. लग्न पुन्हा पुन्हा व्हायला हवंय का तुम्हाला?”

“माफ—” म्हणून ते थांबले.

“चला, निम्म्यात अडवली,” हात्सुएसान म्हणाल्या आणि न सुटणारी गाठ बांधली. गाठीखाली त्यांनी कुंचल्याने आडनाव लिहिलं : मियाकोशि. मियाकोशिसान वाकून बघत राहिले. आजवर खोक्याबरोबर कंपनीचं नाव गेलं होतं, स्वतःचं आडनाव कधीच नाही. शाई वाळेपर्यंत त्यांनी श्वास रोखून धरला होता, शिंक आली तर फराटा उडेल म्हणून.

आता त्यांनी निघायला हवं होतं. ते निघाले नाहीत.

“हात्सुएसान, हे देताना म्हणायचं काय?”

“म्हणजे?”

“असा खोका हातात आला की मला एकच वाक्य येतं.”

“कुठलं वाक्य वो?” कुवाताबाईंनी विचारलं. मियाकोशिसानांनी खोका दोन्ही हातांवर घेतला, टाचा जुळवल्या, आणि त्यांचा आवाज एकदम गुळगुळीत झाला, रेल्वेच्या सूचनेसारखा. “या वेळी आमच्या मालामुळे आपल्या घराला जो त्रास सोसावा लागला…”

“आई गं,” कुवाताबाई म्हणाल्या. “पोरीला माल म्हनला.”

हात्सुएसान पदर खोचल्यासारखा एप्रन घट्ट करून काउंटरबाहेर आल्या. “मी मुलाची आई. मोमोसेबाई. तुम्ही दारातून आत येताय. आणि ताई, तुम्ही मुलाचे वडील व्हा.”

“व्हते की.” कुवाताबाईंनी बिबट्याचा कोट सारखा केला, हनुवटी गळ्यात घुसवली आणि जाड आवाज काढला, “हूं. या. बसा.” मुलाच्या वडिलांनी याहून जास्त कधी बोलू नये असं त्यांचं मत होतं.

पहिल्या खेपेला मियाकोशिसान खोका घेऊन पुढे आले, मोमोसेबाई झालेल्या हात्सुएसान गोड आवाजात “लांबून आलात हो, दमला असाल” म्हणाल्या, आणि मियाकोशिसानांच्या दातांतून ‘स्सस्’ निघाला.

“थांबा. हा कसला आवाज?”

“फळी कुजल्याचा.”

“इथे काही कुजलेलं नाही. पुन्हा.”

दुसऱ्या खेपेला स्सस् नव्हता, पण “माल” आला. तिसऱ्या खेपेला त्यांनी शब्दच टाळले, नुसते वाकले, आणि तिथेच राहिले. हात्सुएसान थांबल्या. कुवाताबाई थांबल्या. दारावरून बर्फाचा एक गोळा सरकून धप्पकन पडला.

“ह्ये वर येनारेत का न्हाई?” मुलाच्या वडिलांनी हळूच विचारलं.

“मियाकोशिसान, वर या,” हात्सुएसान म्हणाल्या. मग त्या त्यांचे हात बघत बसल्या, आणि एकाएकी त्यांनी चुटकी वाजवली. “हात. खोक्याखाली हात गेले की तुमचं तोंड आपोआप सुरू होतं. खालून धरू नका. दोन्ही बाजूंनी धरा. आणि वाकायच्या आधी बोला, वाकताना नको. मी देते ते वाक्य घ्या : ‘आमच्या गावचं आहे. खाऊन बघा.’”

“एवढंच?”

“एवढंच.”

त्यांनी खोका कडांनी धरला, नवख्या माणसाने मांजर धरावं तसा. “आमच्या गावचं आहे,” ते म्हणाले. घाम पुसायला हात मोकळा नव्हता. “खाऊन बघा.”

“हूं,” कुवाताबाई म्हणाल्या. “दिली पोरगी. म्हंजे घेतली.”

मियाकोशिसान निघताना हात्सुएसान नेहमीप्रमाणे “सांभाळून जा” म्हणाल्या नाहीत. “लग्नाला पाच रंगांच्या मिठाईची ऑर्डर महिनाभर आधी द्यायची,” असं म्हणाल्या. कुवाताबाईंना चारची गाडी चुकली ती चुकलीच.

रविवारी नागानोला कमरेइतकं बर्फ होतं. मोमोसेंचं घर कारखान्याला लागूनच होतं, आणि आत शिरताच ताज्या रंधलेल्या लाकडाचा वास आला. मियाकोशिसान गाडीत बसल्यापासून ओठ हलवत होते. चिसातोने त्यांच्या उजवीकडे बसायचं ठरवलं होतं, म्हणजे वेळ आली तर गुडघ्याला धक्का देता येईल.

मोमोसेबाई दारातच वाकल्या. मियाकोशिसानांनी खोका पिशवीतून काढला, फिरवून त्यांच्या बाजूला सरळ केला, कडांनी धरला. वाकायच्या आधी म्हणाले, “आमच्या गावचं आहे. खाऊन बघा.” वाक्य नीट गेलं. गडबड केली ती हातांनी. त्यांना विटांची सवय, त्यांनी विटांइतका जोर लावला, आणि तो हलका खोका भुर्रकन वर जाऊन मोमोसेबाईंच्या नाकासमोर थांबला.

“वा,” मोमोसेबाई डोळे तिरके करून गाठीखालचं नाव वाचत म्हणाल्या. “अगदी जवळून बघायला मिळालं.”

चिसातोने श्वास सोडला. पण संकट पुढेच होतं, आणि ते कुणाच्याच लक्षात आलं नव्हतं. माफी मागायची नाही असं ठरवलं होतं मियाकोशिसानांनी. मोमोसेबाईंनी काहीच ठरवलं नव्हतं.

“घर फार लहान आहे, माफ करा,” त्या सगळ्यांना बैठकीच्या खोलीत बसवून म्हणाल्या.

यावर काय म्हणायचं ते जगाला ठाऊक आहे. छे छे, आम्हीच लवकर आलो, आम्हीच माफी मागतो. मियाकोशिसानांच्या घशात ते सगळं गोळा झालं. गुडघ्याला धक्का बसला.

“आभारी आहे,” ते म्हणाले.

मोमोसेबाई जरा थबकल्या. “आणि गारठाही आहे हो. माफ करा.”

“आभारी आहे.”

“खायलाही काही धड केलेलं नाही.”

“फार आभारी आहे.”

शुहेइने खोकल्याचं निमित्त करून तोंड फिरवलं. सुमिएने चटईचे काठ मोजायला घेतले. मोमोसेबाईंनी मात्र नवीन सोयऱ्यांकडे असं पाहिलं, जसं आपण न आवडणाऱ्या पदार्थाची पाककृती विचारणाऱ्या माणसाकडे पाहतो, आणि चहा आणायला उठल्या.

मुलाचे वडील, मोमोसे कान्जी, तोवर काहीच बोलले नव्हते. “हूं” सुद्धा नाही. जाड बोटांचा, भुवयांत लाकडाचा भुसा अडकलेला माणूस. चहा आला, सगळ्यांच्या पुढे ठेवला गेला, आणि मग त्यांनी आपला पेला बाजूला सारला. बसायच्या गादीवरून ते मागे सरकले आणि उघड्या चटईवर गुडघे टेकून बसले. दोन्ही तळवे समोर ठेवले.

मियाकोशिसानांचे डोळे बारीक झाले. हे त्यांना कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

“मियाकोशिसान, बाई,” मोमोसे म्हणाले. “मला बोलता येत नाही. तुमची एकुलती एक मुलगी आहे. तिचा दवाखाना तिथे आहे, तुम्ही तिथे आहात. माझा कारखाना हलवता येत नाही म्हणून शुहेइ हलू शकत नाही, आणि म्हणून तिला यावं लागतंय. हे माझ्यामुळे आहे. माफ करा.” आणि त्यांचं कपाळ हातांवर टेकलं.

चिसातोचा गुडघा बापाच्या गुडघ्याला लागून होता, पण धक्का कुठल्या बाजूला द्यायचा हे तिलाही कळेना.

मियाकोशिसान बघत होते. आधी सवयीनेच, कारागिराने दुसऱ्या कारागिराचं काम बघावं तसं. पाठ सपाट. कोपरं आत. शब्द संपल्यावर लगेच डोकं वर नाही, आणि समोरच्याला लाज वाटेल इतका वेळ खालीही नाही. कारण सांगितलं, पण कारणामागे लपला नाही. पहिली नव्हे, दुसरी नव्हे, तिसरीही नव्हे. ही चौथी होती, आणि ती त्यांना कधी जमली नव्हती, कारण बॉयलर कधी त्यांनी स्वतः बनवलेला नव्हता.

मग त्यांच्या लक्षात आलं, की हे सगळं आपल्यासाठी चाललंय. समोरचा माणूस त्यांची वाट बघत होता. माफी मागितल्यावर पुढे काय होतं ते त्यांना पाठ होतं, पण फक्त चटईच्या बाजूने. गादीच्या बाजूला बसून काय म्हणतात? त्यांनी आजवरची गिऱ्हाइकं आठवली. बरेच जण दार लावून घेत. काही जण वकिलाचं नाव घेत. आणि जे मऊ पडायचे, ते सगळे, नानाओ गावच्या विधवेपासून त्या निवृत्त न्यायाधीशापर्यंत, शेवटी एकच प्रश्न विचारायचे. तोच त्यांच्या तोंडून बाहेर पडला.

“पुन्हा होणार नाही ना?”

मोमोसेंनी डोकं वर केलं. त्यांच्या भुवईतून भुशाचा एक कण चटईवर पडला. त्यांनी गंभीरपणे विचार केला.

“नाही,” ते म्हणाले. “मुलगा एकच आहे.”

आधी मोमोसेबाईंच्या तोंडातला चहा चुकीच्या वाटेने गेला. मग सुमिए हसली, मग शुहेइ, आणि चिसातो तर अशी हसली, की तिला उठून भिंत धरावी लागली. दोन्ही बाप काही न कळल्यासारखे एकमेकांकडे बघत राहिले. मग मोमोसेंच्या पोटातून ‘हुफ्, हुफ्’ असे आवाज येऊ लागले, करवत अडकल्यासारखे. ते त्यांचं हसणं होतं.

“मग माफ केलं,” मियाकोशिसान म्हणाले. हे शब्द त्यांनी सावकाश, एकेक चाखत उच्चारले. “गादीवर बसा, मोमोसेसान. नागानो काही लांब नाही. सव्वा तासाची गाडी. मी तर याहून लांब गळका नळ बघायला गेलोय.” थोडं थांबून ते म्हणाले, “मुलीला बघायला येईन. चालेल ना?”

“दर महिन्याला या,” मोमोसे म्हणाले.

“दोन महिन्यांनी आलं तरी चालेल,” सुमिए घाईने म्हणाली, कारण नवरा खरंच दर महिन्याला जाईल हे तिला ठाऊक होतं.

मोमोसेबाईंनी पाहुण्यांचा खोका उघडला आणि त्यातल्याच शिंपल्या बश्यांत घालून सगळ्यांपुढे ठेवल्या. तुमचंच तुम्हाला देतेय, माफ करा, असं त्या म्हणणार होत्या, पण मियाकोशिसानांकडे बघून “आभारी आहे” म्हणाल्या. सहा जणांच्या तोंडात एकदम कुर्रर्र वाजलं.

चारला निघायची वेळ झाली. बूट घालून झाले, निरोप झाले, सगळं व्यवस्थित पार पडलं असं चिसातोने आईला डोळ्यांनी खुणावलं. त्या दिवशी पहिल्यांदाच ताठ झालेले मियाकोशिसान, कणा दोन्ही जागी सरळ ठेवून, बाहेर पाऊल टाकायला वळले आणि दाराच्या वरच्या चौकटीवर कपाळ आपटलं. ठण्ण.

“माफ करा,” ते चौकटीला म्हणाले.

सगळे चिसातोकडे बघू लागले. तिने क्षणभर विचार केला.

“माणसाला नव्हतं. धरत नाही.”

“चौकट मीच बसवलीय,” मागून मोमोसे म्हणाले. “बुटकी झाली. माफ करा.”

मियाकोशिसानांनी कपाळ चोळलं, चौकट वरपासून खालपर्यंत नीट पाहिली, आणि तक्रारदाराच्या आवाजात म्हणाले, “या वेळी सोडून देतो.”